पायाखाली ब्रेक नव्हता

आष्ट्याहून जुनी हिलमन मोटार आली ती ट्रॅक्टरच्या मागं साखळदंडानं बांधून. कुपवाडच्या वसाहतीत शिरताना तिनं असा काही कुंईकुंई सूर लावला, की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं आणि बघायला दारात येऊन उभा राहिला. पुढचं डावं चाक आत मुडपलेलं, डाव्या अंगाचा मडगार्ड चेपून दाराला टेकलेला, काचांचा पत्ता नाही आणि टपावर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं जे करायचं ते सगळं करून ठेवलेलं. अशी गाडी भंगारवाल्यानंसुद्धा नाक मुरडूनच घेतली असती. पण ट्रॅक्टरवरनं सुभेदार सयाजी ज्या रुबाबात खाली उतरले तो बघता वाटावं, गाडी आत्ताच विलायतेच्या बोटीतनं उतरवून आणलीय.

कृष्णात गॅरेजच्या दारात चिंधीला हात पुसत उभा होता. गाडी वळून तोंडासमोर आली आणि त्यानं ती ओळखली. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्यानं या गाडीचा हॉर्न दाबला होता, स्टेअरिंग धरून चालवल्याचा आव आणला होता. त्यानंतर अठरा वर्षं तिचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

का काढलं नव्हतं ते ऐका. कृष्णातचा बाप नाथाजी हा सुभेदारांच्या घरचा ड्रायव्हर. सुभेदार तेव्हा पलटणीत, लांब सरहद्दीवर. घर बघायचे ते त्यांचे थोरले भाऊ लालासाहेब. एकोणसाठ साली पावसाळ्यात लालासाहेब उसाचं बेणं बघायला फलटणला निघाले. आदर्कीचा घाट उतरताना गाडी हाताबाहेर गेली. एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगर. नाथाजीनं गाडी डोंगरावर घातली. डावी बाजू आदळली, आणि डावीकडं बसले होते लालासाहेब. ते जागच्या जागी गेले. नाथाजीच्या कपाळाला खोक पडली, एवढंच.

ड्रायव्हर वाचला आणि मालक गेला, याचा लोकांनी जो अर्थ लावायचा तो लावला. प्यालेला असणार, म्हणाले. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, त्याला साऱ्या वाळवे तालुक्यानं दारुडा ठरवून टाकलं. जीभ उचलली की टाळ्याला लावली, लोकांचं काय जातं? नाथाजीचं म्हणणं एकच होतं, की पायाखाली ब्रेक नव्हता. ते त्यानं पोलिसाला सांगितलं, लालासाहेबांच्या सरणापाशी सांगितलं, बायकोला सांगितलं. कुणी ऐकेना, तसं त्यानं बोलायचंच सोडलं. परत स्टेअरिंगला हात लावला नाही. सांगलीत हळदीच्या वखारीवर राखणदार म्हणून राहिला. कृष्णातच्या बहिणीला आलेली स्थळं बाप कोण एवढं विचारून माघारी जायची. कृष्णात मोठा झाला तो हे सगळं गिळत. मग सैन्यात गेला, तिथल्या वर्कशॉपात गाड्या उघडायला शिकला, आणि परत येऊन कुपवाडला हे पत्र्याचं गॅरेज टाकलं.

आपण कोणाचा पोरगा हे सुभेदारांना ठाऊक नसेल, असं त्याला घटकाभर वाटलं. पण ठाऊक होतं, चांगलं पक्कं ठाऊक होतं. सुभेदारांनी त्याला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "बापानं मोडली, पोरानं जोडावी. दुसऱ्या कुणाकडं का न्यायची म्हणून तुझ्याकडं आणली."

कृष्णातच्या कानशिलातनं वाफा निघाल्या. साखळदंड सोडून गाडी होती तशी रस्त्यावर ढकलून द्यावी असं वाटलं. पण सुभेदार पुढं जे बोलले ते जरा खालच्या आवाजात बोलले. त्यांची आई हरणाबाई, जिला घरदार आक्का म्हणायचं, आता थकली होती. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. लालाच्या गाडीत मला एकदा बसवा, एवढं एकच तिनं धरलं होतं. आषाढात बेंदराला, बैलांच्या सणाला, गाडी दारात पाहिजे, आणि ती आपल्या चाकांवर आली पाहिजे, असं सुभेदारांनी सांगितलं आणि ट्रॅक्टरवर चढले.

कृष्णातनं काम घेतलं. का घेतलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःला पक्कं ठाऊक होतं. घाटातनं ओढून आणल्यापासून गाडी गोठ्याशेजारच्या छपरात पडून होती. तिच्या ब्रेकला अठरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बाप खरं बोलत होता की नाही, ते तिथं पत्र्याखाली जसंच्या तसं असणार होतं. ते उघडायचं, सुभेदारांना बोलावून दाखवायचं, आणि मग साऱ्या आष्ट्याला ओरडून सांगायचं. यासाठी त्यानं गाडीचं काम फुकटसुद्धा केलं असतं.

आतलं काम चिंतामणकडं दिलं. चिंतामण सांगलीच्या गावभागातला, गाड्यांच्या गाद्या आणि टप शिवणारा. हात सोन्याचा आणि तोंड अखंड चालू. गाडीत डोकं घालून तो पहिल्यांदा दहा मिनिटं नुसता शिंकला. मग बाहेर येऊन म्हणाला, आत उंदरांची निदान पाच खानदानं नांदून गेलीत आणि एकानंही भाडं दिलेलं दिसत नाही. आतल्या टपाचं कापड कुजून लोंबत होतं. दारांच्या आतले पुठ्ठे ओल खाऊन फुगले होते. गाद्यांचं चामडं भेगाळून त्यातनं काथ्या आणि घोड्याचे केस बाहेर आले होते. कृष्णात म्हणाला, रेक्झिन लावून मोकळा हो. चिंतामणला ते भारी लागलं. असल्या गाडीला रेक्झिन म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ, असं म्हणून तो तडक मिरजेला गेला आणि तसल्याच तपकिरी रंगाचं चामडं शोधून घेऊन आला.

मागची गादी झाली, चालकाची झाली. मग त्यानं पुढची डावी गादी घेतली. वरचं चामडं उसवून बाजूला केलं आणि त्याची टकळी एकदम बंद पडली. कृष्णात इंजिनावर वाकला होता, त्याला ती शांतताच ऐकू आली. तो वळून बघतो तो चिंतामण गादीपासून दोन हात लांब उभा. चामड्याखालचा काथ्या पाठीपासून बुडापर्यंत काळा पडून दगडासारखा घट्ट झाला होता. कसला डाग ते विचारायची गरज नव्हती. चिंतामण हात धुवायला म्हणून गेला तो त्या दिवशी परत आला नाही.

कृष्णात त्या गादीसमोर बसून राहिला. आजवर लालासाहेब म्हणजे त्याच्या लेखी एक नाव होतं, ज्या नावापायी आपल्या घराची धूळधाण झाली असं एक नाव. हा माणूस होता, तो इथं बसला होता आणि इथंच गेला, हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. मग त्यानं तो सगळा काथ्या स्वतःच्या हातानं उपसला आणि शेडच्या मागं नेऊन जाळला. स्प्रिंगा घासून धुतल्या. दुसऱ्या दिवशी चिंतामण आला आणि काही न बोलता नवा काथ्या भरायला लागला.

इंजिनानं पुष्कळ छळलं. पिस्टन गंजून जाम झाले होते. प्लगच्या भोकांतनं रॉकेल घालून ठेवायचं आणि रोज सकाळी हँडल मारून बघायचं, असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी हँडल केसभर हललं आणि कृष्णातनं देवाला हात जोडले. पुढचा आस तापवून सरळ केला, मडगार्ड ठोकून आकाराला आणला, रेडिएटरची गळती डाग देऊन बुजवली, वायरिंग तर सगळंच नवं ओढलं. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा एवढा निळा धूर झाला की लेथवाला आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन पळत आला.

ब्रेक त्यानं शेवटी ठेवले होते. इतकी घाई होती म्हणता, मग आधी का नाही उघडले? भ्याला होता, दुसरं काय. आत काहीच निघालं नाही तर काय करायचं, हा विचार त्याला रोज सतावायचा.

शेवटी एका दुपारी त्यानं चालकाच्या पायाखालची कुजकी चटई ओढून काढली. खाली पत्र्यात, तेल ओतायच्या भोकावर, एक गोल झाकण होतं. त्याच्याखाली ब्रेकच्या तेलाचं नळकांडं, ज्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. ते त्यानं सोडवून बाकावर आणलं आणि उघडलं. आतला रबरी वायसर फुगून दुप्पट झाला होता, लिबलिबीत होऊन एका अंगाला वाकडा होऊन बसला होता. असल्या वायसरानं तेल दाबलं जाणंच शक्य नव्हतं. पाय कितीही मारा, ब्रेक लागणार नाही. कृष्णात मोठ्यानं हसला. बाप खरं बोलत होता. आख्खा मुलूख खोटा आणि एकटा बाप खरा. त्यानं चिंतामणला हाक मारून जवळ बोलावलं आणि वायसर त्याच्या नाकापुढं धरला.

चिंतामणनं नाक उडवलं आणि विचारलं, हा वास कसला?

कृष्णातनं नळकांड्यात बोट घातलं. आत पिवळा, चिकट खरपुडा धरला होता. बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, कुठल्याही घरात येणारा. उघडं राहून खवट झालेल्या शेंगतेलाचा वास. त्यानं चारी चाकांचे ब्रेक उघडले. चारी ठिकाणी तोच खरपुडा, तोच वास आणि तसलेच फुगलेले रबर.

तो बाकावर बसला. त्या काळी ब्रेकचं अस्सल तेल सहसा मिळायचं नाही, म्हणून ड्रायव्हर लोक एरंडेल आणि स्पिरिट मिसळून वापरायचे. एरंडेल रबराला चालतं. शेंगतेल चालत नाही. त्यानं रबर फुगतं, आधी ब्रेक चाकाला घासत राहतो, मग तापतो, आणि घाटाच्या उतारावर ऐन वेळी पाय नुसता खाली जातो. ब्रेक नव्हता हे खरं. पण तो घालवला कुणी? गाडीला तेल घालणारा हात एकच होता, ड्रायव्हरचा. लोकांनी बापाला दारुडा म्हणून खोटंच बदनाम केलं होतं, आणि तरीही लालासाहेब गेले ते बापाच्याच हातानं. सुभेदारांना दाखवायला म्हणून जे उघडलं, ते आता कुठं लपवावं हे कृष्णातला कळेना.

चिंतामण पहिल्यांदाच शहाण्यासारखा बोलला. नवे वायसर घाल, सगळं धुऊन काढ, आणि बापाला यातलं अक्षर सांगू नकोस, म्हणाला. कृष्णातनं वायसर घातले, नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं. पण तोंडाला कुलूप लावणं त्याला जमलं नाही. संध्याकाळी सायकल काढली आणि तडक हळदीच्या वखारीवर गेला.

नाथाजी दाराशी पोत्यावर बसला होता. पोराचं तोंड बघून तो उठून उभा राहिला. कृष्णातनं आडपडदा ठेवला नाही. ब्रेक न्हवताच आबा, तुमी खरं बोललासा, असं त्यानं आधी सांगितलं. ते ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं बोलताना कृष्णातची जीभ जड झाली. पण बोलला. आत शेंगतेल निघालं म्हणाला. नाथाजी आधी नाही म्हणाला. आपण एरंडेलाशिवाय दुसरं काही कधी घातलं नाही, डबा वेगळा होता, गोठ्याच्या फळीवर ठेवायचो, त्या साली बेंदराला स्वतःच्या घरची बैलं सजवायला गावी जायच्या आधीच घालून ठेवलं होतं, हे सगळं त्यानं धडाधडा सांगितलं. आणि मग बोलता बोलता तो मधेच अडखळला. गोठ्याच्या फळीवर बैलांच्या शेंगतेलाचाही डबा असायचा. शेजारीच.

"मग माझ्याच हातनं डबा बदलला आसंल," नाथाजी म्हणाला.

कृष्णातला वाटलं, बाप चिडेल, भांडेल, निदान पोराला हाकलून तरी देईल. त्यातलं काही झालं नाही. अठरा वर्षं ज्या एका वाक्यावर तो माणूस उभा होता, ते वाक्य पोरानंच त्याच्या पायाखालनं काढून घेतलं होतं. नाथाजी पोत्यावर खाली बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडं बघत राहिला. कृष्णातला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. झक मारली आणि आलो, असं त्याच्या मनात आलं. पण आता उपयोग काय?

बेंदराच्या दिवशी सकाळी हिलमन तयार होती. गडद हिरवा रंग, आत नव्या चामड्याचा वास, टपाला दुधी कापड, पायाशी चिंतामणनं खास शिवलेली चटई. चिंतामण तिच्याभोवती लेकीला सासरी पाठवणाऱ्या आईसारखा घुटमळत होता. एवढ्यात नाथाजी धुतलेलं धोतर आणि फेटा घालून गॅरेजवर आला. मी येतो म्हणाला. आक्काच्या पाया पडायचं हाय. कृष्णातनं हात जोडले, गयावया केली, सुभेदारांचा स्वभाव सांगितला. म्हातारा ऐकेना. पुढच्या डाव्या गादीवर बसायला काही त्याचा धीर झाला नाही. तो मागं बसला आणि आष्ट्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. गाडी मात्र अशी आली, की वाटेत लोक बैलं धुवायची सोडून बघत राहिले.

आष्ट्याच्या वाड्यापुढच्या अंगणात बैलांची शिंगं रंगवून झाली होती, झुली चढल्या होत्या. गडीमाणसं बैल घेऊन वेशीकडं निघाली होती, कारण संध्याकाळी तिथं कर तुटायची होती. बेंदराला वेशीत बांधलेली दोरी बैल पळवून तोडतात, त्याला कर तोडणं म्हणतात, आणि पुरुषमाणूस त्या दिवशी घरात सापडत नाही. अंगणात सुभेदार होते, दोन-चार बायका होत्या आणि ओसरीवर हरणाबाई. गाडीचा आवाज कानावर पडताच म्हातारी काठी टाकून उठली. सुनेनं धरलं नसतं तर पायरीवरनं पडली असती. "लालाची गाडी," ती म्हणाली, "तोच आवाज."

मागचं दार उघडून नाथाजी उतरला आणि सुभेदारांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते पुढं होऊन काही बोलणार, तोवर नाथाजीनं जाऊन हरणाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. अठरा वर्षं मी ब्रेक न्हवता म्हणत आलो आक्का, तो न्हवता हे खरं, पर तो माझ्याच चुकीनं गेला, माझ्या हातनं डबा बदलला, एरंडेलाच्या जागी शेंगतेल गेलं, तुमचा लाला माझ्या हातनं गेला, असं सगळं त्यानं तिच्या पायावर पडूनच सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. कृष्णातला बापाकडं बघवेना. सुभेदार हात मागं बांधून ताठ उभे होते, पण त्यांच्या गालाची शीर उडत होती.

हरणाबाईनं वाकून नाथाजीच्या फेट्यावर हात ठेवला.

"ऊठ नाथा," ती म्हणाली. "चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई? तू दारू प्यालावतास म्हणून मी तुला शिव्या दिल्या. त्या माघारी घेते."

नाथाजी उठला. सुभेदारांनी एक लांब श्वास सोडला. आता हे असंच मिटतंय, असं कृष्णातला वाटलं. मिटतंय म्हणजे बाप कायमचा गुन्हेगार ठरून मिटतंय, पण मिटतंय.

सुनेनं आरतीचं ताट आणलं. हरणाबाईनं चाचपत चाचपत चारी चाकांना हळदकुंकू लावलं, गाडीच्या दिव्यांना तुपाचा हात लावला, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. जनावरासारखीच तीही घरची लक्ष्मी, बेंदराला तिला का वगळायचं, असं ती सुनेला सांगत होती. बायका हसल्या, जरा मोकळं वाटलं. म्हातारीनं हात पुढं केला आणि सुनेनं तिच्या हातात एक वाटी आणि बैलाला औषध पाजायची बांबूची नाळ दिली. सणाला बैलांना तेल पाजून उरलेलं वाटीत होतं. कृष्णातला वाटलं, म्हातारी गाडीवर थोडं शिंपडणार.

म्हातारी चालकाच्या दाराशी गेली. खाली बसली. चिंतामणची नवी चटई तिनं सवयीनं उचलावी तशी उचलली आणि खालचा पत्रा बोटांनी चाचपला. बोटं त्या गोल झाकणावर थांबली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला जागा बिनचूक ठाऊक होती. तिनं झाकण फिरवलं आणि भोकावर नाळ टेकवली.

कृष्णातनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तसं तो सांगून गेला, "तिथं तेल वतायचं न्हाई आक्का, ब्रेक जातील."

आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर त्याला कळलं.

"का न्हाई?" हरणाबाई म्हणाली. "ही काय पयल्यांदा पाजती व्हय मी? लाला गेला त्या सालच्या बेंदराला पाजलंवतं. समदी कर तोडाया गेल्याली, हा नाथाबी गावी गेल्याला. हा हितनंच तिला एरंडेल पाजायचा, मी बघितलंवतं. म्हणलं सणाच्या दिशी तरी बिचारीला गोडं तेल मिळू दे. कशी गटागटा प्याली."

बायकांपैकी एकीच्या हातातलं ताट कलंडलं आणि दिवा फरशीवर पडून विझला. सुभेदारांनी बॉनेटला हात टेकला. ते आईकडं बघत होते, मग नाथाजीकडं, मग परत आईकडं. कृष्णातच्या डोक्यात एकच गोष्ट घणाघण वाजत होती. बापानं डबा बदललाच नव्हता. ज्या गुन्ह्यासाठी त्यानं आत्ता सगळ्यांपुढं लोटांगण घातलं, तो त्यानं कधी केलाच नव्हता.

सगळ्यात आधी नाथाजी सावरला. त्यानं पुढं होऊन म्हातारीच्या हातातली वाटी काढून घेतली. त्या वेळचं तेल आपण दुसऱ्याच दिवशी बघितलं आणि पुसून काढलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं तो भराभरा सांगायला लागला. जन्मात खोटं बोलला नव्हता. ते त्याला येतच नव्हतं, शब्दाशब्दाला अडखळत होता.

हरणाबाईनं त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. तिनं कृष्णातच्या दिशेला तोंड वळवलं. तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं.

"तू उघडून बघितलंस न्हवं? आत काय निघालं, तू सांग."

कृष्णातनं बापाकडं बघितलं. याच अंगणात हेच ओरडून सांगायचं म्हणून तो इतकी वर्षं जगला होता. बहिणीची परत गेलेली स्थळं, शाळेतली चिडवाचिडवी, वखारीच्या दारात पोत्यावर बसलेला बाप, सगळं त्याच्या ओठावर आलं. नाथाजीनं मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. बापानं त्याच्याकडं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

"काय न्हाई निघालं आक्का," कृष्णात म्हणाला. "कोरडं व्हतं."

हरणाबाईनं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं.

"आत्ता नाथा माझ्या पायावर पडून म्हणला, आत शेंगतेल गेलं," ती म्हणाली. "तुमा बापलेकास्नी खोटं बोलाया येत न्हाई रं."

दाराला धरून ती उठली. सुभेदार आक्का, आक्का म्हणत पुढं आले, तिनं त्यांना हातानं बाजूला सारलं. नाथाजी कुठं उभा आहे ते तिला त्याच्या श्वासावरनं कळलं असावं. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मग आता कुणी कुणाच्या पाया पडायचं, नाथा?"

उत्तराला थांबली नाही. ती खाली वाकली. नाथाजीनं तेलाची वाटी टाकून तिला दोन्ही दंडांना धरलं, अर्ध्यातच अडवलं आणि छातीशी घट्ट धरून ठेवलं. लालासाहेब गेल्यापासून नाथाजी एकदाही रडला नव्हता, तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.